टिनावर तारीख लिहा, नाहीतर १ जूनला आम्ही राहायला येतो

हा अर्ज नाही. अर्ज देऊन झाले. पोचपावत्यांवरची शाई उडाली, पावत्या आमच्या पेटीत आहेत. हे निवेदनही नाही. निवेदन देताना फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी तो पेपरात येतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच पेपरात कोणीतरी भजी बांधून देतो. हा इशारा आहे. बुलढाणा जिल्ह्याचं महसूल प्रशासन, पुनर्वसनाची कार्यालयं, जिल्हा परिषद आणि घाटावरच्या, घाटाखालच्या सगळ्या नगर परिषदा अन् नगर पंचायती यांच्यासाठी तो आहे. मुदत येत्या ३१ मेपर्यंत. म्हणजे मृग लागायच्या आठवडाभर आधी.

भांडण एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे ‘सध्यापुरतं’.

पुरात घर बसतं. धरणाच्या पाण्याखाली गाव जायचं असतं. नाल्याकाठची वस्ती अतिक्रमण म्हणून उठवली जाते. पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या वाड्याच्या दाराला ‘धोकादायक इमारत’ असा कागद चिकटतो. कारणं वेगळी, उत्तर एकच. सध्यापुरतं शाळेत राहा. सध्यापुरतं टिनशेडमध्ये राहा. आता त्यात कंटेनरची भर पडली आहे. ट्रकवरून येतो, क्रेनने उतरतो, पांढराशुभ्र रंग, आत एक पंखा, दोन दिवसांत वस्ती उभी. फीत कापायला याच्याइतकी सोपी वस्तू नाही.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. आमचा टिनाला विरोध नाही, कंटेनरलाही नाही. भर श्रावणात ज्याचं छप्पर गेलं त्याला टिनाचा तुकडा सोन्याचा वाटतो. आमचा विरोध तारीख नसलेल्या टिनाला आहे.

मागच्या वैशाखात घाटाखालच्या एका टिनशेडच्या वस्तीत गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कार्यालयाचंही नाही. लिहिलं की तिथल्या माणसांनाच ‘पेपरवाल्याला कोणी सांगितलं?’ म्हणून बोलावणं येतं. दुपारचा एक वाजला होता. सत्तरीची म्हातारी दारात बसलेली.

“बस भाऊ. टिनाले टेकू नको, पाठ भाजते.”

शेड दहा बाय बाराचं. मधोमध जुन्या लुगड्याचा पडदा. अलीकडे म्हातारी आणि तीन नातवंडं, पलीकडे लेक आणि सून. छताचे टिन हुकांनी आवळलेले आणि प्रत्येक हुकाच्या भोकावर डांबराचा काळा ठिपका. पावसाळ्यात गळतं ते त्या ठिपक्यांतूनच. भिंतीच्या टिनाला आतून ओली पोती टांगलेली. ती दर तासाला भिजवायची. पाणी बोअरचं, खारं. हा खारपाणपट्टा. पोतं वाळलं की त्यावर पांढरी खार फुटते आणि मागं टिन खात जाते. देवाच्या फळीवर, लाइट जाते म्हणून आणून ठेवलेली एक मेणबत्ती होती. कोणी पेटवली नव्हती. तरी कमरेतून वाकली होती.

दाराशेजारच्या टिनावर गेरूच्या सहा उभ्या रेघा होत्या. मला वाटलं दुधाचा हिशेब.

“पोळ्याच्या हायेत,” म्हातारी म्हणाली. “दर पोळ्याले एक. इथं आणलं तवा साहेब म्हणे, पोळ्यापर्यंत काढा. कोणता पोळा, ते आम्ही इचारलं नाही.”

निघताना तिनं हात धरला. घर मागेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “मले काही नाही पायजे भाऊ. तारीख इचारून दे फक्त. घर कवाबी देवो, तारीख सांगा म्हणा.”

हा इशारा त्या वाक्यातून निघाला आहे. यात माझं स्वतःचं फारसं काही नाही.

आता आमच्या जिल्ह्याचं एक भौगोलिक दुखणं. जिल्ह्याचं मुख्यालय घाटावर. तिथं मे महिन्यातही संध्याकाळी वाऱ्याची झुळूक असते, इंग्रजांना बुलढाणा आवडायचं ते काही उगाच नाही. राजूरचा घाट उतरला की मोताळ्यापासून कानशिलं तापायला लागतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा सगळा पूर्णेचा सपाट तवा. टिनशेडचा ठराव घाटावर होतो आणि टिन घाटाखाली तापतं. हे कुणाच्या वाईटावर लिहिलेलं नाही. पण टिनाचं अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यानं आयुष्यात एकदा तरी बारा ते चार त्या टिनाखाली बसलं पाहिजे, एवढं म्हणण्याचा हक्क आम्हाला आहे. तशी व्यवस्था आम्ही करतोच आहोत. ते पुढं येईल.

‘काही महिन्यांचा प्रश्न आहे’ असं आम्हाला सांगितलं जातं. महाराष्ट्रात ‘काही महिने’ किती लांबतात ते पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. तोवर मराठवाड्याच्या माणसांनी टिनाच्या शेडमध्ये उन्हाळे काढले. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातली माळीण डोंगराखाली गेली, १५१ माणसं गेली. वाचलेल्यांना शेडमधून नव्या माळीणमध्ये जायला एप्रिल २०१७ उजाडला, आणि पहिल्याच पावसात नव्या भिंतींना तडे गेले. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये गेलं. वाचलेल्यांना कंटेनर मिळाले. दोन वर्षं उलटली तरी कंटेनरच होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इरशाळवाडी गेली. पुन्हा कंटेनर, चौक गावाजवळ. सिडको ४४ घरं बांधून देणार होती. वर्षश्राद्धाला माणसं अजून कंटेनरमध्येच होती. कोकणातला पाऊस वरून आणि लोखंडाचा घाम आतून.

इरशाळवाडीची माती उकरणं चालू होतं तेव्हाच, तीन दिवसांनी, २२ जुलै २०२३ ला सातपुड्याकडून उतरलेल्या पाण्यानं आमचे संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे दोन तालुके धुऊन काढले. जमीन खरवडून गेली, ढोरं गेली, मातीची घरं बसली. तेव्हाही तोच शब्द कानावर आला.

मुंबईकडं तर बोट दाखवायचीही गरज नाही. संक्रमण शिबिर या नावातच वाटेवरचा मुक्काम आहे. तिथं तीस-चाळीस वर्षं काढलेली कुटुंबं आहेत. संक्रमणात जन्मली, संक्रमणात लग्नं झाली. सध्यापुरतं.

बैठकीत कोणीतरी हुशार माणूस परदेशाचा दाखला देतो म्हणून तेही सांगून टाकतो. लंडनमध्ये लुईशम कौन्सिलनं २०१६ मध्ये लेडीवेल इथं कारखान्यात बनवलेली, उचलून दुसरीकडे नेता येतील अशी २४ घरं बेघर कुटुंबांसाठी उभी केली. घरं देखणी होती, नावाजली गेली. पण त्याच इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांनी ऑगस्ट २०१९ च्या ‘ब्लीक हाउसेस’ या अहवालात, दुसऱ्या कौन्सिलांनी मुलाबाळांच्या कुटुंबांना मालवाहू कंटेनरमध्ये ठेवलं त्यावर कोरडे ओढले. उन्हाळ्यात आत भट्टी, हिवाळ्यात बर्फ. अहो, लंडनचा उन्हाळा तो. आपल्याकडं पौषात असतो तसा. तिथं पोरं उकडून निघाली म्हणून देशभर बोभाटा झाला आणि आपण तीच पेटी मलकापूरच्या मेमध्ये ठेवायचं म्हणतो.

कायदा आमच्या बाजूचा आहे. दोनच गोष्टी सांगतो, वकिली करायची नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ३८ म्हणतं की सिंचन प्रकल्पासाठी जमीन घेतली असेल तर ती बुडायच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालं पाहिजे. शब्द ‘पूर्ण’ असा आहे. पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पात ३२ गावं पूर्ण आणि १५ गावं अंशतः जातात. नव्वदच्या दशकातला हा प्रकल्प. त्या वेळी जन्मलेली पोरं आज बाप झाली आहेत. नव्या गावठाणात १८ नागरी सुविधा द्यायच्या, ही यादी आमच्या गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे: रस्ता, नाली, पाणी, शाळा, समाजमंदिर, स्मशानभूमी. टिनशेड ही एकोणिसावी सुविधा कुठल्याही यादीत सापडली नाही. म्हणून बजावतो. शेडमध्ये हलवलेलं एकही कुटुंब ‘पुनर्वसित’ या रकान्यात दिसलं, तर तो कागद घेऊन आम्ही थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाऊ.

दुसरी गोष्ट ऑल्गा टेलिस खटल्याची. १० जुलै १९८५. मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांचा तो खटला. निकाल झोपडीवाल्यांना हवा तसा लागला नाही, अतिक्रमण हटवायला न्यायालयानं मुभा दिली. पण पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या काढू नका असंही म्हटलं. फुटपाथवरच्या माणसाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं दिवस, महिना, साल लिहून दिलं. तुम्हाला का जड जातं?

पैशाचंही एकदा बोलू. आपत्तीच्या निकषात झोपडी पूर्ण गेली तर ८ हजार मिळतात, मैदानी भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. घरकुलाचेही १ लाख २० हजारच, पहिला हप्ता १५ हजारांचा. ८ हजारांत टिन घेतले तर बल्ल्या येत नाहीत, बल्ल्या घेतल्या तर टिन राहतात. आणि घरकुलासाठी आधी जागा लागते. ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर बसलेल्याकडे घराच्या नोंदीचा नमुना आठ नाही, म्हणून घरकुल नाही. घरकुल नाही म्हणून तो टिनात. टिनात राहतो म्हणून त्याला पत्ता नाही. पत्ता नाही म्हणून नमुना आठ नाही. एवढा पक्का गोल तर आमच्या खेड्यातल्या विहिरीचाही नसतो.

नागरी बेघरांच्या निवाऱ्याचा केंद्राचा निकष लाख लोकसंख्येमागे एक निवारा आणि माणशी ५० चौरस फूट असा आला. जिल्ह्यातलं सर्वांत मोठं शहर खामगाव, आणि २०११ च्या जनगणनेत तेही लाखाच्या आतच होतं. कोणाला निकषाआड दडायचं असेल तर सोय आहे. पण माणशीचा हिशेब चुकवता येणार नाही. त्या म्हातारीचं शेड १२० चौरस फुटांचं, माणसं सहा. माणशी वीस. रस्त्यावर एकट्यानं झोपणाऱ्यासाठी सरकारनं जेवढी जागा धरली, माणशी तिच्या निम्म्याहूनही कमी जागेत इथं सून, नातवंडं, चूल आणि देव बसवावे लागतात.

आता मागणी. प्रत्येक शेडवर आणि कंटेनरवर, दाराच्या चौकटीवर, ऑइलपेंटनं त्याची शेवटची तारीख लिहा. आत राहणाऱ्याला वाचता येईल एवढ्या अक्षरात. त्याच दिवशी त्या कुटुंबाच्या हातात कायमच्या जागेचा प्लॉट क्रमांक द्या, नवरा-बायको दोघांच्या नावानं. एका हातात इकडची किल्ली, दुसऱ्या हातात तिकडचा नंबर. दोन्ही एकदम मिळणार नसतील तर किल्ली घेणार नाही. तारीख उलटली तर दुसऱ्या दिवसापासून त्या कुटुंबाचं घरभाडं यंत्रणेनं द्यायचं. मुंबईत इमारत पाडून नवी बांधतात तेव्हा बिल्डर भाडं मोजतो. इथं सरकारच बिल्डर असेल तर त्यानंही मोजावं. खरं म्हणजे शहरात जिथं भाड्याच्या खोल्या मिळतात तिथं कंटेनर आणायचाच कशाला? पहिल्या दिवसापासून भाडं द्या आणि कंटेनरचा, क्रेनचा, फीत कापायच्या मांडवाचा खर्च वाचवा.

टिन उभं करायचंच असेल तर निळ्या पूररेषेच्या आत करू नका. पुरातून काढलेल्या माणसाला पुन्हा नाल्याकाठच्या पडीक ई-क्लासवर नेऊन ठेवणं, याला निवारा म्हणायला आमची जीभ वळत नाही. साधं टिन चालणार नाही, पफ पॅनल लागेल, किंवा टिनाखाली दुसरं छत. गोडं पाणी लागेल. १४० गाव पाणीपुरवठा योजनेची लाइन कागदावर कुठंकुठं जाते ते आम्हाला ठाऊक आहे, शेडपर्यंत येते का ते दाखवा. बायांच्या संडासाला आतून कडी लागेल. हे शेवटचं लिहावं लागतं याचीच लाज वाटते.

थोडं आपल्या लोकांबद्दलही, कारण एका कानानं ते ऐकत असतील. टिनाला कुलूप लावून तिकडं घरकुलही घेणारे आपल्यात आहेत. शेड दुसऱ्याला भाड्यानं देणारेही आहेत. पुरात ताडपत्री वाटताना कॅमेऱ्याकडे बघणारे पुढारी तर सगळ्याच पक्षांत आहेत. १ जूनच्या आंदोलनात यांच्यापैकी कोणालाही माइक मिळणार नाही. यादी तयार आहे.

आणि आता इशाऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. १५ ऑगस्ट २०२५ ला, झेंडावंदनाच्या दिवशी, आडोळ खुर्द या गावाच्या पुनर्वसनासाठी जळगाव जामोद तालुक्यात पूर्णेच्या पात्रात जलसमाधी आंदोलन झालं. त्यात एक माणूस वाहून गेला. घर मागायला गेलेला माणूस घरी आला नाही. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं आहे की यापुढं आमच्यातलं कोणीही पाण्यात उतरणार नाही, टॉवरवर चढणार नाही, अंगावर रॉकेल ओतणार नाही. मरण्याच्या धमकीची तुम्हाला सवय झाली आहे. त्यासाठी बोट तयार असते, अग्निशमनची गाडी तयार असते, ‘आश्वासनानंतर आंदोलन मागे’ अशी बातमीही तयार असते. आता आम्ही जगण्याची धमकी देतो. तुमच्या दारात येऊन, संसार मांडून, सध्यापुरतं.

अक्षय तृतीयेला भेंडवळला घटमांडणी होईल, दुसऱ्या सकाळी यंदाच्या पावसाचं भाकीत सांगितलं जाईल. त्यावर वर्तमानपत्रं रकाने भरतील. घटाचं खरं ठरतं की नाही यावर आमचं आपसांत एकमत नाही. टिनाचं मात्र आम्ही खात्रीनं सांगतो. ३१ मेच्या संध्याकाळी सहापर्यंत तारखा रंगवलेल्या दिसल्या नाहीत, तर १ जूनला सकाळी दहा वाजता आमच्या शेडांची टिनं सुटून बुलढाण्याचा घाट चढतील. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर, रस्ता सोडून, दहा बाय बाराचं एक शेड उभं राहील. आत एक लुगड्याचा पडदा असेल. ज्यांच्या टेबलावर फाइल अडली आहे त्यांनी बारा ते चार आत बसावं, पंखा मिळणार नाही. प्रत्येक नगर परिषदेसमोर असंच एक उभं राहील. रीतसर अर्ज पोलिसांना गेला आहे. जमावबंदी लावाल, हेही धरून चाललो आहोत. ती पाच माणसांना लागते. आमची कुटुंबं चार-चार जणांनी येतील, मध्ये दहा पावलांचं अंतर ठेवून.

येणाऱ्यांसाठी: भाकर-ठेचा घरून बांधून आणा, कोणाच्या खिचडीवर बसायचं नाही. बाटलीत गोडं पाणी. लहान पोरं आणि बाळंतिणी घरी. घोषणा नाहीत. सरकारी भिंतीला, गाडीला हात लागला तर त्या माणसाला आम्हीच पोलिसांकडे देऊ. ज्याच्या शेडला जितकी वर्षं झाली, त्यानं तितक्या रेघा आपल्या टिनावर ओढून आणाव्यात. गेरू चिखलीच्या बाजारात मिळतो, मलकापुरातही मिळेल.

उत्तर द्यायचं असेल तर लेखी द्या. सही, शिक्का, आणि दिनांक या शब्दापुढची जागा रिकामी नको.